'टीम' शब्दाचं मूळ: फुलफॉर्म खरा की बैल खरे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात सांगितलं गेलं की इंग्रजी 'टीम' हा शब्द म्हणजे 'टुगेदर एव्हरीवन अचीव्ह्ज मोअर' या चार शब्दांची आद्याक्षरं. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाले, "काहीतरीच! टीम म्हणजे मुळात गाडीला जुंपलेले बैल. माणसांना तो शब्द लावणं हाच अपमान आहे." प्रश्नकर्त्यांना आता नव्या कर्मचाऱ्यांसाठी मराठी पुस्तिका तयार करायची आहे. त्यांना विचारायचंय की खरं कोणाचं, आणि मराठीत संघ लिहावं, चमू लिहावं, गट लिहावं की टीमच ठेवावं?

मी बरीच वर्षं कोशकामात आणि इंग्रजी-मराठी भाषांतरात आहे. हा प्रश्न या ना त्या शब्दाच्या निमित्तानं माझ्याकडे सतत येतो. माझ्या मते इथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: शब्द जन्मला कसा, आज त्याचा अर्थ काय, आणि मराठीत काय लिहायचं. पहिल्याचं उत्तर पुराव्यानं देता येतं. दुसरं वापरावरून ठरतं. तिसरं मात्र पुस्तिका कोण वाचणार आहे यावर अवलंबून आहे. त्याचं एकच एक उत्तर मी देणार नाही.

आधी निकाल सांगून टाकतो. फुलफॉर्म चूक आहे. सहकाऱ्यांचे बैल खरे आहेत, पण गोष्ट बैलांपासून सुरू होत नाही. आणि बैल खरे असले तरी त्यातून अपमान निघत नाही.

फुलफॉर्म चूक कशावरून? कुठल्याही शब्दाचा असा विस्तार समोर आला की मी आधी शब्दाचं वय बघतो. आद्याक्षरं जोडून उच्चारता येईल असा नवा शब्द घडवायची चाल प्रामुख्यानं विसाव्या शतकातली आहे. 'रडार' हा तसा खराखुरा शब्द, १९४० च्या सुमाराचा. अशा शब्दांना इंग्रजीत 'अ‍ॅक्रोनिम' म्हणतात आणि ते नावसुद्धा इंग्रजीत १९४० च्या दशकातच रुळलं. 'टीम' मात्र जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या लेखनात सापडतो. लिहिणारे मठातले धर्मगुरू, आणि विषय वंशावळी, गुरंढोरं, जमिनी. त्यांना 'अचीव्ह' हा शब्दच ठाऊक नव्हता, कारण तो इंग्रजीत फ्रेंचमधून नंतर आला. चारातलं एक अक्षर ज्या शब्दाचं आहे तोच त्या काळी इंग्रजीत नव्हता, म्हटल्यावर वाद तिथेच मिटतो.

दुसरी कसोटी स्पेलिंगची. आद्याक्षरांपासून बनलेल्या शब्दात अक्षरं हलवता येत नाहीत, हलवली की विस्तार मोडतो. 'टीम'चं स्पेलिंग मात्र शतकानुशतकं हलत आलंय. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'टी-ई-एम-ई' असा सर्रास लिहिला जाई. त्यात 'ए' अक्षरच नाही. तिसरी कसोटी शेजारच्या भाषांची, आणि ती मला सगळ्यात आवडते. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

मोबाइलवर फिरणारे असे आणखी दोन विस्तार तुम्ही वाचले असतीलच. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. आणि 'फॅमिली' म्हणजे 'फादर अँड मदर आय लव्ह यू'. 'न्यूज' हे सरळ 'न्यू'चं अनेकवचन आहे: नव्या गोष्टी. 'फॅमिली'चा इतिहास तर त्या गोड विस्ताराच्या अगदी उलटा आहे. लॅटिनमध्ये 'फामुलुस' म्हणजे नोकर किंवा गुलाम, आणि 'फामिलिया' म्हणजे घरधन्याच्या ताब्यातले सगळे, त्यात गुलाम आलेच. इंग्रजीत शब्द आला तेव्हाही आधी घरच्या नोकरचाकरांना तो लागू होता. आईबाप आणि मुलं हा अर्थ मागाहून पक्का झाला.

तरीही प्रशिक्षकांवर तुटून पडू नका, असं मी मनापासून म्हणेन. शब्द फोडून त्यातून शिकवण काढायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. 'मनन केल्यानं तारतो तो मंत्र' असं आपण ऐकत आलो. 'गु म्हणजे अंधार, रु म्हणजे तो घालवणारा' असं सांगून गुरूची थोरवी सांगितली जाते. व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर 'गुरु' म्हणजे जड, वजनदार. वृत्तात लघु-गुरू म्हणतो तो हाच आणि गुरुत्वाकर्षणातलाही हाच. इंग्रजी 'ग्रॅव्हिटी' ज्या लॅटिन शब्दावरून आला तोही याचाच सगोत्र. म्हणून अंधार घालवणारी फोड खोटारडी ठरते का? नाही. ती शिष्याच्या मनात भाव ठसवण्यासाठी आहे, इतिहास सांगण्यासाठी नाही. प्रशिक्षकांच्या फुलफॉर्मचंही तसंच. लक्षात ठेवायची युक्ती म्हणून खुशाल वापरा, फक्त 'हा शब्द असाच तयार झाला' हे वाक्य पुस्तिकेत छापू नका.

आता शेजारच्या भाषांकडे. व्युत्पत्ती म्हणजे नुसतं उच्चारसाधर्म्य शोधणं, असा समज आहे. तसं असतं तर कोणीही काहीही जुळवलं असतं. या अभ्यासाची सगळी ताकद नियमात आहे: एका भाषेतला एक ध्वनी दुसरीत ठरावीक ध्वनी म्हणूनच दिसतो, आणि एका शब्दात नाही तर शब्दांच्या रांगेत दिसतो.

जर्मनमध्ये 'त्साउम' असा एक शब्द आहे. अर्थ घोड्याचा लगाम. ऐकायला 'टीम'शी काही संबंध वाटत नाही. पण आता या जोड्या वाचा. जर्मन 'बाउम' म्हणजे झाड, इंग्रजीत 'बीम' म्हणजे तुळई, जी जुन्या इंग्रजीत झाडच होती. जर्मन 'ट्राउम' म्हणजे स्वप्न, इंग्रजीत 'ड्रीम'. जर्मन 'साउम' म्हणजे कापडाची दुमड, इंग्रजीत 'सीम' म्हणजे शिवण. क्रिकेटच्या चेंडूची सीम ती हीच. जिथे जर्मनमध्ये 'आउ' आहे तिथे इंग्रजीत 'ई' आहे. स्वराचं झालं. सुरुवातीच्या व्यंजनासाठी दुसरी रांग घ्या: इंग्रजी 'टू', जर्मन 'त्स्वाय', इंग्रजी 'टेन', जर्मन 'त्सेन', इंग्रजी 'टूथ', जर्मन 'त्सान'. इंग्रजी 'ट'समोर जर्मन 'त्स'. दोन्ही नियम एकत्र लावले की 'टीम'समोर जर्मनमध्ये नेमका 'त्साउम'च यायला हवा, आणि तो येतो. बाउम-बीम, ट्राउम-ड्रीम, साउम-सीम, त्साउम-टीम. विद्यार्थ्यांना मी या चार जोड्या फळ्यावर एकाखाली एक लिहायला लावतो. चौथी जोडी बहुतेकदा वर्गातूनच येते.

याच रांगेत एक पाऊल मागे गेलं की आपण घरी पोचतो. टू, टेन, टूथ. मराठीत दोन, दहा, दात. लॅटिनमध्ये दुओ, देकेम, देन्स. संस्कृत आणि लॅटिनचा 'द' इंग्रजी घराण्यात 'ट' होतो. याकोब ग्रिम या जर्मन भाषाअभ्यासकानं १८२२ मध्ये हा नियम नीट मांडला. तेव्हा 'टीम'चा लॅटिन नातेवाईक 'द'नं सुरू होणार, आणि तोही सापडतो: 'दूकेरे' म्हणजे ओढणं, नेणं, पुढे घेऊन जाणं. त्यावरून सेनेला नेणारा तो 'ड्यूक', आणि कंडक्टर, एज्युकेशन, प्रोड्यूस, इंट्रोड्यूस. एसटीतले कंडक्टर आणि तुमची टीम असे दूरचे भाऊबंद आहेत. इंग्रजीच्या स्वतःच्या घरातही या मुळाचे शब्द उरलेत: 'टो', म्हणजे दोरी बांधून ओढणं. पार्किंग चुकलेली गाडी 'टो' करून नेतात, तोच.

तर मुळातली कल्पना ओढण्याची, नेण्याची. जर्मनमध्ये ती लगामावर स्थिरावली. ज्यानं जनावर ओढून नेतात ते साधन. डच भाषेत 'टोम' म्हणजे लगामही आणि कोंबड्यांचा थवाही. माझ्या दृष्टीनं या गोष्टीतला सगळ्यात मौल्यवान पुरावा हाच आहे. एकाच शब्दात दोरी आणि पिलावळ शेजारी शेजारी नांदताहेत.

कारण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा ठळक अर्थ बैल नव्हताच. 'तेआम' म्हणजे संतती, वंश, पिलावळ. मुलंबाळं होण्यासाठी 'बेअर्न-तेआम' असा जोडशब्दही होता. 'बेअर्न' म्हणजे मूल. ओढीतून वंश कसा आला? आपण वंशाला काय म्हणतो ते आठवा. वंशावळ, वंशवेल, कुळाची परंपरा. एकामागून एक ओढत जाणारी ओळ. बापामागे मुलगा, मुलामागे नातू. दोरीला धरून चालल्यासारखी ती रांग आहे. डुकरीण आणि तिच्यामागून लुटुलुटु चालणारी पिल्लं, बदक आणि तिच्यामागची पिल्लं यांनाही इंग्रजी बोलींमध्ये 'टीम' म्हटलं गेलंय, आणि मोठ्या इंग्रजी कोशांत हा अर्थ आजही दिलेला असतो.

हा जन्माचा अर्थ एका जुळ्या शब्दात जिवंत राहिला. 'टीम' असाच उच्चार, पण मध्ये दोन 'ई' असलेला. तळं माशांनी 'टीम' करतंय, म्हणजे बुजबुजलंय, असं म्हणतात तो. त्याचा मूळ अर्थ पिल्लं घालणं, प्रसवणं. भारताबद्दल लिहिताना इंग्रजी वर्तमानपत्रांत 'टीमिंग मिलियन्स' हा शब्दप्रयोग अजून वाचायला मिळतो. भाषांतरकार कधीकधी त्याचा संबंध संघटनेशी लावतात. तसा तो नाही. तिथे अर्थ आहे अमाप, दाटीवाटीनं भरलेल्या लोकसंख्येचा. परीक्षेच्या आणि बातम्यांच्या भाषांतरात ही चूक वरचेवर दिसते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मध्येच या शब्दाचा एक कायदेशीर अर्थही होता, आणि तो मला फार बोलका वाटतो. अकराव्या-बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजांच्या सनदांत 'टोल अँड टीम' अशी जोडी येते. जहागीरदाराला जे हक्क दिले जात त्यांतला 'टीम' हा एक. एखाद्याकडे चोरीचं म्हणून ढोर सापडलं तर तो म्हणे, 'मी हे अमक्याकडून विकत घेतलं'. मग त्या अमक्याला बोलवायचं. तो पुढच्याचं नाव सांगणार. अशी विकणाऱ्यांची साखळी उलटी चालत मुळापर्यंत न्यायची, आणि हा न्यायनिवाडा करायचा अधिकार म्हणजे 'टीम'. इथेही एकामागे एक रांग आहे, आणि रांगेच्या शेवटी बहुतेकदा गुरंच आहेत.

आता बैल. एकामागे एक जोडलेली, ओढणारी जनावरं हा अर्थही जुन्या इंग्रजीपासून आहे, आणि पुढच्या काळात बाकीच्या अर्थांना बाजूला सारून तोच पुढे आला. का, हे समजायला इंग्लंडची शेती डोळ्यासमोर आणावी लागते. विल्यम राजानं १०८६ मध्ये आपल्या राज्याची मोजदाद करवली. ती 'डूम्सडे बुक' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात गावोगाव विचारलेला एक प्रश्न: धन्याच्या शेतात नांगर किती, आणि कुळांचे किती? नांगर म्हणजे नुसतं लाकूड-लोखंड नव्हे. आठ बैलांसकट नांगर. इतिहासकार आज इंग्रजीत त्याला 'प्लाऊ-टीम' म्हणतात. जमीनही बैलांवरच मोजली जाई. आठ बैलांचा नांगर वर्षभरात जेवढी जमीन कसेल ती सुमारे १२० एकर, आणि त्यातला एका बैलाचा वाटा सुमारे १५ एकर. जमिनीच्या मगदुराप्रमाणे कमीजास्त. या एका बैलाच्या वाट्याला 'ऑक्सगँग' म्हणत. त्यात 'गँग' आहे, ज्याचा मूळ अर्थ जाणं, चालणं. समूहवाचक इंग्रजी शब्दांत चालणं आणि ओढणं किती वेळा येतं, हे एकदा लक्षात आलं की कोश चाळायला वेगळीच मजा येते.

आता महत्त्वाचा मुद्दा. आठ बैल एकट्या कुळाकडे कुठून असणार? एखाद्याकडे दोन, एखाद्याकडे एकच. ते एकत्र जुंपायचे आणि आळीपाळीनं सगळ्यांची रानं नांगरायची. आपल्याकडे ज्याला सावड म्हणतात, अगदी तसंच. काळ्या भारी जमिनीत लाकडी नांगराला सहा-आठ बैल लागत, तेव्हा ज्याची एकच जोडी तो शेजाऱ्याशी सावड करी. ज्या शेतकऱ्यांच्या घरात हे पाहिलेलं आहे, त्यांना 'टीम' शब्दाचा पुढचा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. वेगवेगळ्या दावणींचे बैल एका जुवाखाली आले की त्यांच्यात कोण दांडगा, कोण अंगचोर, कोणाला उजवीकडे घ्यायचं आणि नवख्याला कोणाशेजारी बांधायचं, हे सगळं आलंच. जू हा शब्द संस्कृत 'युग'वरून आलेला आणि इंग्रजी 'योक' हा त्याचा सख्खा भाऊ, हे जाता जाता नोंदवतो.

माणसांसाठी 'टीम' हा शब्द इंग्रजीत १५२० च्या दशकापासून दिसू लागतो. तोही कुटुंब या अर्थानं नाही, तर एखाद्या कामात एकत्र आलेली माणसं या अर्थानं. म्हणजे तो थेट पिलावळीतून न येता जुवावरून आला. पण माणसांचा अर्थ आला म्हणून जनावरं हटली नाहीत. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'टीम'खाली पहिला अर्थ आहे तो एकच गाडी ओढणाऱ्या घोड्यांचा किंवा बैलांचाच. अमेरिकेत वेबस्टरनं १८२८ च्या कोशात 'टीमवर्क' दिला, त्याचा अर्थ वाचून आजचा व्यवस्थापक चक्रावून जाईल: जनावरांच्या जोडीनं केलेलं काम, माणसानं अंगमेहनतीनं केलेल्या कामाहून वेगळं. आज सभागृहाच्या भिंतीवर लावतात तो शब्द दोनशे वर्षांपूर्वी नांगरटीचा आणि ओढकामाचा होता.

त्या जनावरांच्या गाड्या हाकणारा तो 'टीमस्टर'. १९०३ मध्ये अमेरिकेत या गाडीवानांची मोठी कामगार संघटना उभी राहिली. आज तिचे सदस्य ट्रक चालवतात, गोदामांत काम करतात, पण संघटनेचं नाव 'टीमस्टर्स'च आहे, आणि तिच्या बोधचिन्हावर दोन घोड्यांची डोकी अजून आहेत. शब्दाचा जुना अर्थ बघायला कोशच उघडला पाहिजे असं नाही.

खेळात हा शब्द आज इतका मुरलाय की तो तिथलाच वाटतो. पण क्रिकेटच्या जुन्या इंग्रजी लेखनात संघाला 'साइड' किंवा नुसतं 'इलेव्हन' म्हणण्याची रीत मोठी होती. १८४६ मध्ये इंग्लंडभर फिरून सामने खेळणारा व्यावसायिक खेळाडूंचा संघ निघाला, त्याचं नाव 'ऑल-इंग्लंड इलेव्हन'. मराठी समालोचनात 'एकादश' म्हणतात, ती त्याच रीतीची सावली.

इथवरची साखळी एका दमात सांगायची तर: ओढणं, त्यावरून दोरी आणि लगाम, एकामागे एक चालणारी पिलावळ आणि वंश, एका जुवाखालची जनावरं, आणि शेवटी एका कामातली माणसं.

आता सहकाऱ्यांच्या अपमानाच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो मला फुलफॉर्मपेक्षा गंभीर वाटतो. शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ तोच त्याचा खरा अर्थ, असं मानलं तर इंग्रजी बोलणं अशक्य होईल. 'नाइस' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी, आणि इंग्रजीतही तो आधी मूर्ख या अर्थानंच वापरत. कोणी तुम्हाला नाइस म्हटलं तर तुम्ही रागावणार का? जुना अर्थ शब्दाचा प्रवास सांगतो, बोलणाऱ्याचा हेतू सांगत नाही.

आणि बैलाची उपमा अपमानाची, हे तरी कोणी ठरवलं? निदान मराठी माणसानं ते म्हणू नये. मोठ्या नेत्याला आपण 'धुरंधर' म्हणतो. धुरा म्हणजे जुवाचा भार, आणि धुरंधर म्हणजे तो वाहणारा. संस्थेची धुरा सांभाळणं हा आपल्याकडे मान आहे. गीतेत कृष्ण अर्जुनाला 'भरतर्षभ' म्हणतो, म्हणजे भरतकुळातला वृषभ. 'नरपुंगव'मधला पुंगव म्हणजेही बैलच. ज्या समाजात बैलपोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, तिथे जुवाखाली खांदा देणाऱ्याची बरोबरी हलकी कशी ठरेल? अपमान होतो तो कामाच्या वागणुकीतून. एखाद्या कचेरीत माणसांना खरोखरच रात्रंदिवस जुंपत असतील, तर तिथे 'टीम'ऐवजी 'परिवार' म्हटल्यानं काही बदलणार नाही. 'फॅमिली'चं मूळ वर सांगितलंच आहे.

आता पुस्तिका. मराठीत समूहासाठी शब्दांची वाण नाही, पण प्रत्येकाचं क्षेत्र ठरलेलं आहे आणि ते ओलांडलं की कानाला खटकतं.

'संघ' खेळात पक्का बसलेला आहे. छापील मराठीत भारतीय संघ, रणजी संघ असंच येतं, बोलताना मात्र आपण टीमच म्हणतो. कचेरीत 'विक्री संघ' म्हटलं की दूध संघाची, खरेदी-विक्री संघाची आठवण येते, म्हणजे सहकारी संस्थेची. वाचणारा क्षणभर अडखळतो. शिवाय संघ म्हणजे काहीशी कायम, घडण असलेली संस्था, असा त्याचा सूर आहे. तीन महिन्यांसाठी जमलेल्या सहा जणांना तो झेपत नाही.

'पथक' हा ठरावीक कामगिरीवर निघालेल्यांचा शब्द. पेशवाईत सरदारांची घोडदळाची पथकं असत. आज शोधपथक, भरारी पथक, गोविंदा पथक, ढोल-ताशा पथक. त्यात बाहेर पडण्याची, मोहिमेवर जाण्याची कल्पना आहे. ग्राहकाकडे जाऊन यंत्र दुरुस्त करणाऱ्यांना 'दुरुस्ती पथक' शोभेल, हिशेब तपासत बसणाऱ्यांना नाही. 'दल' सरकारी आणि गणवेशातलं: अग्निशमन दल, पोलीस दल. 'दल्' या धातूचा अर्थ तुकडे होणं, दुभंगणं; फुलाचं दल आणि स्वयंपाकघरातली डाळ याच धातूची. 'टोळी'त ऊसतोड कामगारांची टोळी आहे आणि दरोडेखोरांचीही. ऊसतोडीच्या पट्ट्यात हा शब्द रोजचा आणि सरळ आहे, पण शहरी पुस्तिकेत तो चालणार नाही.

'चमू'बद्दल मुद्दाम विचारलंय. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत 'डॉक्टरांची चमू' सर्रास वाचायला मिळते. पुण्या-मुंबईकडच्या अनेकांना तो शब्द पुस्तकी वाटतो. संस्कृतात चमू ही सेनेची एक मोजलेली तुकडी आहे. महाभारताच्या हिशेबानं तीत ७२९ हत्ती, ७२९ रथ, २१८७ घोडेस्वार आणि ३६४५ पायदळ. आज चार डॉक्टरांना तो लावला तरी काही बिघडत नाही, कारण वर म्हटलं तेच: अर्थ चालत राहतो. तुमचे कर्मचारी नागपूर-अमरावतीकडचे असतील तर 'चमू' बिनधास्त वापरा. लिंगाबद्दल वाद होतात. संस्कृतात तो स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'चमूनं तपासणी केली' अशी वाक्यरचना ठेवली की प्रश्नच उद्भवत नाही.

'गट' हा निरपेक्ष शब्द आहे. त्यात माणसं एकत्र आहेत एवढंच कळतं, एकत्र ओढताहेत हे कळत नाही. बचत गटानं त्याला चांगली प्रतिष्ठा दिली, पण राजकारणात तोच शब्द फुटीचा होतो. कचेरीत 'अमक्याचा गट' म्हटलं की लोक कान टवकारतात.

म्हणून तुमच्या पुस्तिकेसाठी मी 'टीम'च ठेवेन. हा शब्द मराठीत केव्हाच घरचा झालाय; आपण त्याला स्त्रीलिंग दिलं, आपले प्रत्यय लावले, आणि गावच्या कबड्डीपासून बँकेपर्यंत तो सगळ्यांना कळतो. मराठी शब्दाचा आग्रह धरण्याची जागा वेगळी आहे. 'टीम मेंबर्सनी डेडलाइन मीट करणं मँडेटरी आहे' असं वाक्य असेल, तर 'टीम' सोडून बाकी सगळं मराठीत आणा: 'टीममधल्या प्रत्येकानं ठरलेल्या मुदतीत काम पुरं करावं'. मराठीपण शब्दाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, वाक्याच्या बांधणीत असतं.

बारीकसारीक तीन सूचना, कारण छपाईच्या वेळी नेमके इथेच अडाल. अनेकवचनाला इंग्रजी 'स' जोडून 'टीम्स' करू नका. 'दोन टीम', 'सगळ्या टीम' असं बोलतो तसंच लिहा. क्रियापद एकवचनी ठेवा, 'टीम आली', आणि माणसं वेगवेगळी दाखवायची असतील तिथे 'टीममधले सगळे आले' असं लिहा. आणि 'टीम लीडर'साठी 'संघनायक' घालू नका, त्यानं वाचणारा थेट मैदानात जातो. 'टीमप्रमुख' पुरेसा आहे.